गाळणी

सोमवार, ६ जानेवारी

नोकरीचा पहिला दिवस चांगला गेला. हे आधी लिहून टाकते, कारण चांगलं घडलेलं नंतर लिहू म्हणते आणि मग काळज्याच लिहीत बसते.

ऑफिस इंदिरानगरला, चौथ्या मजल्यावर. खिडकीतून पांडवलेणीचा डोंगर दिसतो. खिडकीच्या कट्ट्यावर तुळस, कोरफड आणि गवती चहा अशा तीन कुंड्या आहेत, तिन्ही टवटवीत. वेळ साडेनऊची होती, मी पावणेनऊलाच पोचले आणि जिन्यात बसून राहिले. नऊला चिमाजी काका आले. चाव्या त्यांच्याकडे असतात. झाडलोट, चहा, कुंड्यांना पाणी, कुरिअर घेणं, सगळं तेच बघतात. मला पायरीवर बघून म्हणाले, "पहिल्या दिवशी समदेच लवकर येत्यात, पोरी. दुसऱ्या दिवसाचं बोल." मग कुंडीतलीच पात तोडून चहा केला. मला साखर कमी लागते हे मी सांगितलं नव्हतं, तरी कमीच होती. विचारलं तर म्हणाले, चेहऱ्यावरून कळतं.

माणसं मोजकी आहेत. अमोल सर मालक. हर्षालीताई सात वर्षांपासूनच्या प्रोग्रामर. मी मॅडम म्हटलं तर म्हणाल्या, मॅडम म्हणशील तर मॅडमसारखं काम लावेन. मी टेस्टर. आणि काका. तीन महिने प्रोबेशन.

संध्याकाळी खोलीवर आल्यावर दिंडोरीला, घरी फोन केला. आधी शिलाई मशीन थांबल्याचं ऐकू आलं, मग फुफीचा, म्हणजे माझ्या आत्याचा, आवाज. चहातल्या साखरेपर्यंत सगळं सांगितलं. मला लहानपणी दमा होता म्हणून दहा वर्षांची होईपर्यंत शाळेत घातलंच नव्हतं. अम्मी मी तीन वर्षांची असताना गेली, अब्बा दिवसभर द्राक्षबागांत ट्रॅक्टरवर. रेहाना फुफीनेच मला घरी शिकवलं. गिऱ्हाइकाच्या गणवेशाच्या निळ्या कापडावर शिंप्याच्या खडूने अक्षर काढायची. मी ते गिरवायचं, मग ती हाताने झटकून पुढचं काढायची. एकदम पाचवीत गेले तेव्हा बाईंनी विचारलं, अक्षरं कशावर शिकलीस. मी म्हटलं, पँटवर. अख्खा वर्ग हसला होता. फुफीला आज पुन्हा ते आठवलं आणि ती खोकला येईपर्यंत हसली.

बुधवार, ८ जानेवारी

काम समजलं. फुफीला फोनवर समजावताना मलाच जास्त समजलं.

प्रोग्रामर सॉफ्टवेअर तुकड्यातुकड्यांत लिहितात. कोणत्या तुकड्याला कोणता लागतो हे बघून, त्या क्रमाने सगळं जोडून देणारं एक साधन असतं, त्याला बिल्ड टूल म्हणतात. आमची कंपनी तेच बनवते. फुफी म्हणाली, म्हणजे आधी कफ बाहीला, मग बाही अंगाला. बरोबर तेच.

मी त्या टूलच्या परीक्षा लिहायच्या. एक छोटा नमुना टूलला द्यायचा, त्यातून काय बाहेर यायला हवं ते आधी लिहून ठेवायचं, आणि खरंच तेच आलं का हे मशीननेच रोज ताडून बघायचं. जुळलं तर हिरवं, नाही तर लाल. लाल आलं की दोन शक्यता: टूल चुकलं, किंवा आपली अपेक्षा चुकली. टूल चुकलं असेल तर शोधण्यात दिवस जातात. अपेक्षा चुकली असेल तर 'अॅक्सेप्ट' दाबायचं. टूलने जे दिलं तेच त्यापुढे बरोबर धरलं जातं. संध्याकाळी सहाला रोजचं बिल्ड चालतं, त्याआधी सगळं हिरवं हवं.

अॅक्सेप्टबद्दल सांगताना हर्षालीताईंनी डोळा मारला. मला ते आवडलं नाही. फुफी मला चुकलेली शिवण उसवायला लावायची. म्हणायची, "बेटा, उसवायला लाजायचं नाय. लाजायचं ते तशीच घालायला."

गुरुवार, ९ जानेवारी

इथे एक रीत आहे. परीक्षेच्या नमुन्यांपैकी एकाचं नाव 'ऑफिस'. त्यात प्रत्येक माणसाच्या नावाची एक फाइल आणि तीत एकच गोष्ट: मला कोण लागतं. नव्या माणसाने पहिल्या आठवड्यात आपली फाइल घालायची. दुसऱ्याच्या फाइलीला हात लावायचा नाही. टूल ती सगळी नावं जोडून एक यादी छापतं.

यादीची सुरुवात अमोल सरांपासून. त्यांच्या फाइलीत हर्षालीताईंचं नाव. हर्षालीताईंच्या फाइलीत कुणीच नव्हतं, आज माझ्यासमोर त्यांनी माझं घातलं. म्हणाल्या, टेस्टर आली, आता मला सुटी मिळेल. काकांना संगणक येत नाही, पण त्यांचीही फाइल कुणीतरी करून दिली आहे. काकांचं नाव मात्र कुणाच्याच फाइलीत नाही. चहा सगळे पितात. मी घालणार होते, पण तीन दिवसांत चहावर इतकी अवलंबून झाली म्हणून हसतील असं वाटलं. राहू दिलं.

मला खोटं लिहवत नाही. मला कोण लागतं? फुफी. टूल म्हणालं, या नावाची फाइल नाही. मग 'रेहाना' अशी फाइल केली. तिला फोन करून विचारलं, तुला कोण लागतं. म्हणाली, "सुई, दोरा आणि तू." मी 'नाझिया' लिहिलं. लगेच लाल. मला ती लागते, तिला मी लागते, मग आधी कुणाला जोडायचं हे टूलला ठरवता येत नाही. याला ते चक्र म्हणतात, आणि चक्र चालत नाही. तिच्या फाइलीतून माझं नाव काढलं. उगाचच वाईट वाटलं.

या परीक्षेच्या माथ्यावर ती लिहिणाऱ्याचं नाव आहे, फराज. हर्षालीताई म्हणाल्या, असा कुणी इथे कधी नव्हता, तुझ्याआधी टेस्टरच नव्हता. कुठून तरी उचललेली असेल.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. काकांनी लाडू आणले, त्यांच्या बायकोने, नवसाबाईंनी केलेले. दोघं पेठ तालुक्याकडचे. पाथर्डी फाट्याला पिठाच्या गिरणीमागे खोली आहे, मूलबाळ नाही. लाडू हातावर ठेवताना म्हणाले, "गोड नको बोलू, खरं बोल. गोड बोलणारे हितं दोघं हायेत." हर्षालीताईंनी ऐकलं आणि त्याही हसल्या.

अमोल सरांनी नवीन काम सांगितलं. क्लायंटची तक्रार आहे की आमच्या टूलने जोडलेलं सॉफ्टवेअर जड होतं. म्हणून गाळणी. सुरुवातीच्या फाइलीपासून निघून जिच्यापर्यंत वाट पोचत नाही, म्हणजे जी कुणालाच लागत नाही, ती फाइल टूलने आपणहून गाळायची. दोन वर्षांपूर्वी हे एकदा करून बघितलं होतं म्हणे, अर्धवट राहिलं.

शुक्रवार, १७ जानेवारी

गाळणी चालू केली आणि 'ऑफिस'ची परीक्षा लाल झाली. अपेक्षा पाच नावांची, आली चार. अमोल, हर्षाली, नाझिया, रेहाना. चिमाजी नाही.

मी अमोल सरांकडे तीनदा गेले. पहिल्यांदा म्हणाले, बघतो. दुसऱ्यांदा म्हणाले, हेच तर हवं होतं. तिसऱ्यांदा त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. "टूल बरोबर आहे, नाझिया. तुझी अपेक्षा जुनी आहे. आणि हे बघ, लाल दिसलं की क्लायंट प्रश्न विचारतो. हिरव्याला कुणी काही विचारत नाही."

साडेपाच वाजले होते. काका माझ्या टेबलावर चहा ठेवून गेले. जाताना विचारलं, झालं का काम. मी म्हटलं, होतंच आलंय. पाच पन्नासला अॅक्सेप्ट दाबलं.

नियमाने बरोबरच होतं. तरी लिहून ठेवते की दाबताना बरं वाटलं नाही.

सोमवार, २० जानेवारी

सकाळी थर्मासमधून चहा नेला. इथे चहाची सोय नाही हे आधी सांगितलं असतं तर पहिल्याच दिवशी आणला असता. दार हर्षालीताई उघडतात, त्यांना उशीर झाला, वीस मिनिटं जिन्यात बसले.

खिडकीच्या कट्ट्यावर तीन कुंड्या आहेत, तिन्हींत वाळलेल्या काड्या. माती दगडासारखी. हौसेने कुंड्या आणायच्या आणि पाण्याचा थेंब घालायचा नाही, कमाल आहे. ओट्यावर पातेल्याच्या बुडाएवढा काळा गोल डाग आहे. घासून पाहिला, निघाला नाही.

परीक्षा सगळ्या हिरव्या. अमोल सरांनी अंगठा दाखवला.

बुधवार, २२ जानेवारी

पंधरा दिवसांचा कामाचा अहवाल द्यायचा होता. तारखा बघायला ही वही पहिल्यापासून वाचली.

चिमाजी काका कोण?

अक्षर माझं आहे. शाई माझ्याच पेनाची. साखर, लाडू, चाव्या, सगळं माझ्या शब्दांत. आणि मला काही, काहीही आठवत नाही. चेहरा नाही, आवाज नाही. तो लाडू माझ्या हातावर ठेवला असं लिहिलंय.

हर्षालीताईंना सहज विचारल्यासारखं विचारलं, आधी इथे कुणी चहा करायचं का. म्हणाल्या, सात वर्षं मागतेय एक माणूस, सर ठेवतील तर ना.

परीक्षेचा इतिहास उघडून बघितला. प्रत्येक बदल कुणी केला ते त्यात कायम राहतं. १७ जानेवारी, संध्याकाळी ५.५०. एक ओळ कमी झाली: चिमाजी. मान्य करणारी: नाझिया. त्याच्याखाली दोन वर्षांपूर्वीची तशीच एक नोंद. एक ओळ कमी झाली: फराज. मान्य करणाऱ्या: हर्षाली.

गुरुवार, २३ जानेवारी

एकदा घडलं म्हणजे पुरावा होत नाही. मी टेस्टर आहे. अपेक्षा आधी लिहायची.

५.४०. ऑफिसच्या दाराच्या वर भिंतीवर एक घड्याळ आहे. गोल, पांढरं, काळ्या काट्यांचं. चार मिनिटं पुढे. मला ते आत्ता दिसतंय. 'ऑफिस'मध्ये 'घड्याळ' अशी फाइल केली, अपेक्षेच्या यादीत ते नाव घातलं, ते कुणाच्याही फाइलीत लिहिलं नाही. गाळणीने गाळलं. लाल. मी अॅक्सेप्ट दाबलं. माणसाचं नाव नाही, कुणाचं काही जाणार नाही. सहाच्या बिल्डची वाट बघतेय. ही चूक ठरली तर मी डॉक्टरकडे जाईन आणि हे पान फाडेन.

६.०५. वरचं वाचलं. दाराच्या वर भिंतीवर एक खिळा आहे. घड्याळाबद्दल मला काहीही आठवत नाही. पंचवीस मिनिटांपूर्वी मीच लिहिलंय की ते मला दिसतंय.

कागदाला गाळणी लागत नाही. एवढंच काय ते.

शुक्रवार, २४ जानेवारी

उसवून पाहिलं. 'घड्याळ' यादीत परत घातलं, माझ्या फाइलीत लिहिलं की ते मला लागतं. 'चिमाजी'ही. परीक्षा हिरवी झाली. सहाचं बिल्ड झालं. खिळा तसाच. काड्या तशाच. यादीत नाव आलं की माणूस येतो असं नाही. उलटं तेवढं होतं.

दोन्ही नावं सरांनी काढून टाकायला लावली. म्हणाले, ही कोण मंडळी आहेत?

शनिवार, २५ जानेवारी

वहीत लिहिलं होतं म्हणून पाथर्डी फाट्याला गेले. पिठाची गिरणी सापडली. मागे खोली सापडली. नवसाबाईंनी दार उघडलं. मी म्हटलं, खोली भाड्याने आहे का विचारायला आले. त्या म्हणाल्या, "नाय गं. येकलीच हाय मी, पन खोली देनार नाय." लग्न झालं नाही, पेठहून एकट्याच आल्या इथे, किती वर्षं झाली ते आठवत नाही.

जेवायची वेळ होती. आत बस म्हणाल्या. भात खूप होता. मी बघतेय हे बघून त्या ओशाळल्या. म्हणाल्या, माप चुकतं माझं, रोज उरतो. दांडीवर एक टॉवेल, चुलीपाशी दोन पाट. एकावर त्या बसल्या. दुसऱ्यावर मला बसवेना, मी जमिनीवर बसले.

त्यांना काही सांगितलं नाही. काय सांगणार, की त्या शुक्रवारी पाच पन्नासला मी. दुःख करायलासुद्धा काही ठेवलं नाही मी त्यांच्याकडे.

सोमवार, २७ जानेवारी

हर्षालीताईंना सगळं सांगितलं. वही दाखवली, खिळा दाखवला, फराजची नोंद दाखवली.

त्यांनी वही नीट वाचली, हे खरं. मग म्हणाल्या, तूच लिहिलंस ना हे? मग हे तुझंच. खिळा प्रत्येक भिंतीत असतो. आणि सुटी घे दोन दिवस, मी सरांना सांगते. त्या वाईट नाहीत. फराजच्या नोंदीवर मात्र त्यांचं बोट बराच वेळ होतं. मी विचारलं, हा कोण होता हे जाणून घ्यावंसं नाही वाटत? त्या म्हणाल्या, "वाटून काय करू? मला आठवतच नाही, तर मी कुणाची गुन्हेगार?"

मंगळवार, २८ जानेवारी

'ऑफिस'मध्ये चार फाइली उरल्या. सर, ताई, मी, फुफी. फुफीपर्यंतची वाट माझ्याच फाइलीतून जाते, एका ओळीवर. ती ओळ आहे तोवर ती आहे.

ऑफिसात आपलं खरं माणूस कुणीच लिहिलं नव्हतं. मी लिहिलं. प्रामाणिकपणा म्हणून.

फोन केला. ती बोलत होती, मी फक्त ऐकत होते.

बुधवार, २९ जानेवारी

शुक्रवारी सहाच्या बिल्डनंतर क्लायंटला सगळं दाखवायचं आहे. अमोल सरांनी 'ऑफिस' उघडून विचारलं, ही रेहाना कोण. सांगितलं. ते बराच वेळ हसले, मग म्हणाले काढून टाक, घरचं माणूस ऑफिसात कशाला. मी म्हटलं, नाही काढणार. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला नाही म्हटलं. कारण विचारलं. सांगितलंही. त्यांनी हर्षालीताईंकडे पाहिलं.

ताईंना म्हटलं, तुमच्या फाइलीत तिचं नाव घाला, एका ओळीचा प्रश्न आहे. त्या म्हणाल्या, मला तुझी फुफी कशाला लागेल? कुणावर अवलंबून आहे असं लेखी द्यायचंच नसतं, नाझिया. तुझं घातलं तेही चुकलं.

फुफीची फाइलच काढून टाकली तर? पण काढणं आणि गाळणं यात फरक असेल कशावरून? मी आता कुठलीच गोष्ट करून बघणार नाही.

खोलीवर येऊन पानं पुन्हा वाचली. काका गेले तेव्हा चहा गेला. कुंड्या नुसत्या सुकल्या नाहीत, त्यांना कधी पाणी मिळालंच नव्हतं अशा झाल्या. म्हणजे माणूस एकटं जात नाही. त्याने जे जे केलं ते घेऊन जातं.

फुफीने मला काय काय दिलंय? मोजायला बसले. लिहिणं, वाचणं —

मोजणंही.

गुरुवार, ३० जानेवारी

सकाळी आले तर माझ्या फाइलीतली ओळ नव्हती. सरांनी काढली. दुसऱ्याच्या फाइलीला हात लावायचा नाही, ही रीत त्यांच्यासाठी नव्हती.

अपेक्षा चार. आली तीन. लाल.

मी परत घातली. त्यांनी परत काढली. मग माझ्या फाइलीला कुलूप.

अॅक्सेप्ट मी दाबणार नाही म्हटलं. सर म्हणाले, हरकत नाही, उद्या हर्षाली दाबेल.

लाल आहे तोवर ती आहे.

शुक्रवार, ३१ जानेवारी

दुपारी १. जे कधी केलं नाही ते केलं. सर जेवायला गेले, मशीन उघडं होतं. त्यांच्या फाइलीत लिहिलं: रेहाना. हिरवं झालं. दहा मिनिटं हिरवं होतं.

ताईंनी बघितलं. सरांना फोन केला.

२.१५. बॅग घे, म्हणाले. सोमवारी येऊ नकोस. दारातून मी फक्त एवढं म्हटलं, दाबू नका. ताई स्क्रीनकडे बघत होत्या. म्हणाल्या, सहाच्या आधी दाबावंच लागेल गं.

३.४०. दिंडोरीच्या बसमध्ये. फुफीचा नंबर पानाच्या चारी कोपऱ्यांत लिहिला. ताईंना अकरा फोन केले. उचलत नाहीत.

५.०५. घरी. ती आहे. आहे. मशीनवर आहे, गणवेश शिवतेय. मला बघून म्हणाली, एवढ्या लवकर? नोकरी गेली म्हटलं. म्हणाली, बरं झालं, चेहरा केवढासा झालाय, खाऊन घे.

मी समोर बसलेय. बघून लिहितेय, म्हणजे कागदावर तरी — रेहाना हबीब नाही, हबीब माझे अब्बा, ती त्यांची बहीण. वय त्रेपन्न. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. डाव्या अंगठ्यावर सुई गेल्याची खूण. हसताना तोंडावर पदर. दोरा दाताने तोडते. मला —

५.३५. ताईंचा मेसेज. सॉरी. फक्त एवढाच.

५.४०. तिला सांगू का? काय सांगू? ती विचारतेय, काय लिहितेस एवढं. तुझंच, म्हटलं. म्हणाली, "माझ्यात लिहिण्यासारखं काय हाय?"

मी उठून तिचा हात धरला. शिवण वाकडी जाईल म्हणाली. सोडला.

५.५२. उद्या हे कुणी वाचायचं? मला वाचता —

नाही. लिहीत राहायचं. थांबायचं नाही. तिचं नाव लिहीत राहते. रेहाना. रेहाना. फुफी. रेहाना. तिने शिकवलं. निळं कापड. आधी उभी रेघ. रेहाना.

५.५८. मशीन चालू आहे. ऐकू येतंय. चालू आहे. रेहाना.

चालू

थांबलं. दोरा तुटला असेल. बॉबिन संपली असेल. मी मान वर करत नाही. हात चालू आहे. रेहा — नाव तोंडात आहे, आवाज आहे, पण पुढचं अक्षर, त्याची रेघ आधी कुठून